शेवटचा हात

गाडी बंद पडली की कोल्हापुरात माणूस एकटा पडत नाही. हे या गावाचं मोठेपण, आणि गेल्या नवरात्रात माझे जे हाल झाले त्यांचं निम्मं कारणही तेच. दुसऱ्या गावांत मागचे लोक हॉर्न वाजवतात, इथं ते उतरून येतात. "काय झालंय भावा?" म्हणतात. पण तो प्रश्न नसतो, ती प्रस्तावना असते. उत्तर त्यांच्याकडं तयारच असतं.

उरलेलं निम्मं कारण मी. ते कबूल करायला मला तेव्हा नऊ दिवस लागले, त्यामुळं इथंही जरा दमानंच येतो.

आमच्याकडं जुनी मारुती आठशे आहे. वर्षभर तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही, पण खंडेनवमीला तिचा मान असतो. त्या दिवशी कोल्हापुरात जे जे लोखंडाचं ते ते देव. उद्यमनगरात लेथ मशीनं धुऊनपुसून झेंडूचे हार घालून उभी असतात. रिक्षा, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, सगळ्यांना हळदकुंकू. गाडी धुवायची, चाकाखाली लिंबू ठेवायचा, नारळ फोडायचा, एवढं आम्हीही दरवर्षी करतो. गेल्या वर्षी मात्र मला वाटलं, वरवर धुण्यात काय आहे? बॉनेटच्या आतूनही ती देखणी दिसली पाहिजे. शिवाय इंजिनाच्या एका बाजूनं 'करकर, करकर' असा आवाज येत होता, तोही काढायचा होता.

हे धाडस माझ्या अंगात आलं ते गावामुळं. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि 1920 साली त्याच्यावर चित्रित केलेला 'सैरंध्री' लोकांना दाखवला, त्या कोल्हापुरात मला एक पट्टा बदलता येऊ नये? बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवून रंगवून ते पेंटर झाले. मी त्यांचाच वारसा चालवतोय असं मला वाटत होतं. त्यातला मेस्त्री माझ्याकडं आलाच नाही, फक्त पेंटर आला, हे नंतर कळलं.

घटस्थापनेच्या दिवशी हिनं देवघरात घट बसवले आणि मी अंगणात पाने मांडले. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची, हे मी मोबाइलवर पाहून पाठ केलं होतं. ती काढली. करकर येत होती ती डायनॅमोपाशी. आता त्याला अल्टरनेटर म्हणतात, पण आमच्या भागात अजून डायनॅमोच. टोमॅटोला टमाटा म्हटल्यानं भाजी बिघडत नाही. तर या डायनॅमोला खालून एक लांब बोल्ट असतो, त्याच्यावर तो पाळण्यासारखा झुलतो. वरून एक खाच पाडलेली पट्टी असते, ती ओढून पट्ट्याचा ताण धरायचा. खालच्या बोल्टाचं भोक झिजून मोठं झालं होतं आणि डायनॅमो त्यात हलत होता. तोच करकरत होता.

हे रोगनिदान अगदी बरोबर होतं, हे मी मुद्दाम नोंदवतो. घोळ झाला तो उपचारात.

बोल्ट ढिला आहे ना? मग त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळून जाड केला. चार वेढ्यांत असा गच्च बसला की मीच माझ्या पाठीवर थाप मारली. पण दोन्ही बाजूंना थोडी फट राहत होती, तिथं मऊ वायसर हवेत. दुकानात जायचा कंटाळा आला. कोपऱ्यात माझी जुनी कोल्हापुरी चप्पल पडली होती, अंगठा तुटलेली. बाभळीच्या सालीत पिकवलेलं जाडजूड चामडं. त्यातून कात्रीनं चार गोल चकत्या काढल्या, मधे खिळ्यानं भोकं पाडली. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचे वायसर बसवलेली गाडी जगात बहुधा माझी एकटीच असेल. आता यातली गंमत बघा. जी चप्पल करकर वाजावी म्हणून लोक मुद्दाम मागून घेतात, तिचे तुकडे मी गाडीची करकर बंद व्हावी म्हणून घालत होतो.

मग रंग. काळा कुळकुळीत ऑइलपेंट. पट्टी, कंस, डायनॅमोचं अंग, बोल्टाचं डोकं, सगळ्यावर दोन हात. वाळल्यावर सगळं जागेवर चढवलं, नवा पट्टा घातला, दोन वायरी होत्या त्या जिथल्या तिथं लावल्या, बॅटरी जोडली. सेल्फ मारल्याबरोबर इंजिन चालू. करकर गायब! हिला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली, बॉनेटमध्ये वाकून बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतंय. चालेल ना पण?"

या 'पण'ला अपशकुन म्हणायचं नाही असं मी लग्नानंतर ठरवलं आहे.

गाडी चालली. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी ललिता पंचमी. अंबाबाईची पालखी त्या दिवशी टेंबलाईच्या भेटीला टेकडीवर जाते, तिथं कोहळा फुटतो, अख्खं गाव लोटतं. आम्ही गर्दी टाळून संध्याकाळी उशिरा गेलो. परतीचा पाऊस धो धो आला. हेडलाइट लावले, वायपर लावला. उताराला लागेपर्यंत हेडलाइट कंदिलासारखे पिवळे झाले होते, वायपर एकादशीच्या उपाशी माणसासारखा निम्म्यावर जाऊन परत येत होता, आणि हॉर्न दाबला तर आतून मांजर कण्हल्यासारखा आवाज आला. मग तोही थांबला आणि इंजिनही.

क्षणात पाचसहा जण जमले. सगळे भिजलेले, सगळ्यांच्या हातात कोहळ्याचा नाहीतर नारळाचा तुकडा.

"पेट्रोल बघितलं का काका?"

"पेट्रोल न्हाई रं, प्लग गेलाय. आमच्या मामाच्या गाडीचं असंच झालंतं."

"सेल्फ. शंभर टक्के सेल्फ."

"इषय साधा हाय. पाणी शिरलंय."

त्यांनी उतारावरून धक्का दिला. दोन हिसके खाऊन गाडी गप्प. पोरं मात्र खूश होती, कारण धक्का जोरात बसला होता. शेवटी एकानं स्वतःच्या गाडीची बॅटरी लावून चालू करून दिली आणि नाव न सांगता निघून गेला. हेडलाइट न लावता, त्याच्यामागून त्याच्या उजेडात, आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी समोरचे आप्पा आले. आप्पा वीज बोर्डातून निवृत्त झालेत. त्यामुळं गल्लीत कुणाचीही वीज गेली, ट्यूब गेली, अगदी कुणाच्या नातवाच्या खेळण्यातला सेल संपला तरी शेवटचा शब्द आप्पांचा. त्यांनी डायनॅमोच्या दोन्ही वायरी ओढून बघितल्या. घट्ट. फ्यूज काढून उजेडात धरला. शाबूत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी होती, ती गरम पाण्यानं धुवायला लावली. मग दोन पावलं मागं सरून म्हणाले, "बॅटरी संपली. आयुष्य असतं प्रत्येकाचं."

आणखी एक गोष्ट आप्पांनी विचारली होती. "बॅटरीचा दिवा लागत होता काय?"

"छे," मी म्हटलं, "एकदाही लागला नाही."

"मग डायनॅमो चांगला आहे," आप्पा म्हणाले. त्या एका वाक्यानं माझे साडेतीन हजार रुपये गेले.

तरी आधी काटकसर म्हणून बॅटरी एका दुकानात रात्रभर चार्जिंगला लावून बघितली. आणली, बसवली, गाडी झकास. सातव्या माळेला दिवसभर कुठंही न्या, तक्रार नाही. लक्ष्मीपुरीतून भाजी आणली, मिरजकर तिकटीला अर्धा तास अडकलो तरी इंजिन ठाम. संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो, दिवे लावले, आणि परत येताना गंगावेशीत तोच कंदील, तेच मांजर. म्हणजे आमच्या गाडीला रातांधळेपणा झाला होता. दिवसा ठणठणीत, अंधार पडला की भिंत धरून चालणार.

आता मागं वळून बघितलं तर हिशोब शाळकरी आहे. आठशेची बॅटरी पस्तीस अँपिअर-अवरच्या आसपास. इंजिनाच्या ठिणगीला तीनचार अँपिअर लागतात, म्हणजे नुसत्या बॅटरीवर गाडी दिवसा कित्येक तास चालेल. हेडलाइट लावले की आणखी नऊदहा अँपिअर. वायपर, ब्रेकचे दिवे, हिनं लावलेला रेडिओ. मग दोन तासही धड नाहीत. गाडी कमावत नव्हती, नुसती साठ्यावर जगत होती. आमच्या ओळखीत अशी दोन घराणी आहेत. तीही दिवसा बघितली तर छानच दिसतात. पण तेव्हा हा हिशोब कुणी मांडला नाही. आप्पा म्हणाले, "सांगितलं होतं, बॅटरी." जुनी देऊन नवी आणली. अष्टमीच्या रात्री नवीही बसली.

या नऊ दिवसांत गाडीच्या प्रत्येक भागावर संशय घेऊन झाला. सेल्फ, प्लग, फ्यूज, किल्लीचं स्विच, पेट्रोल, पाऊस, नवा पट्टा. एका भाच्यानं तर गाडीला दृष्ट लागली असं म्हणून मिरच्या-मीठ ओवाळलं. फक्त एका माणसावर कुणी संशय घेतला नाही, आणि त्या माणसानंही कुणाला तशी संधी दिली नाही. मी स्वतःशीदेखील बोललो नाही. मनात यायचं की, अरे, आपण घटस्थापनेला काहीतरी खोललं होतं. लगेच दुसरं मन म्हणायचं, छे, ते तर चार दिवस छान चाललं. शिवाय ते आपण स्वतः केलंय. स्वतःच्या कामाचं असं असतं की, त्याच्याकडं पोराकडं बघावं तसं आपण बघतो. भांडण झालं तर चूक शेजारच्याच्या पोराची.

खंडेनवमी उजाडली. आता गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बोलावणार कसं? त्या दिवशी कोल्हापुरात एकही पाना रिकामा नसतो. सगळे पूजेत. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम मोठमोठे कारखाने पाळतात, तिथं एका गॅरेजची काय कथा.

पण गॅरेजच्या पूजेचं बोलावणं होतं, तेव्हा प्रसादाला गेलो. मिस्त्रींना मी ओळखलंच नाही. वीस वर्षांत त्यांना पांढऱ्या शर्टात कधी बघितलं नव्हतं. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, दाढी गुळगुळीत. शेवटी नखांवरून ओळखले. तेवढी काळी होती. भिंतीशी एक पाट मांडून त्यावर पाने उतरत्या क्रमानं लावले होते, बत्तीसपासून सहापर्यंत, शेजारी पक्कड, डिसमिस, हातोडी, आणि मधोमध, मूर्तीच्या जागी, मल्टिमीटर. त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट.

पेढा तोंडात असतानाच मी गाडीचा विषय काढला. मिस्त्री म्हणाले, "सर, आज हात लावणार नाही. पण नुसतं बघायला काय, डोळे काही पूजेत ठेवलेले नाहीत."

आले. बॉनेट उघडण्याआधी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "गाडीला शेवटचा हात कुणी लावला?"

डॉक्टर विचारतो ना, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" आणि आपण काल रात्रीची मिसळ, वर दोन प्लेट भजी, हे सगळं गिळून म्हणतो, "नाही हो, घरचंच." अगदी तसं मी म्हटलं, "कुणी नाही."

मिस्त्री काही बोलले नाहीत. म्हणाले, "आत बसा. किल्ली फिरवा. सेल्फ मारू नका, नुसती फिरवा."

फिरवली. ते खिडकीतून वाकून समोरच्या पॅनलकडं बघत राहिले. तिथं ऑइलचा लाल दिवा लागला होता.

"ह्याच्या जोडीचा कुठाय?"

"कोण?"

"बॅटरीचा. तोही लागायला पाहिजे."

"तो तर लागतच नाही," मी अभिमानानं सांगितलं. "बिघाड नसताना कशाला लागेल?"

मिस्त्रींनी फेटा सारखा केला. वर्गात पोरानं आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर दिलं की मीही चष्मा असाच सारखा करतो.

"सर, इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. चालू गाडीत लागला तर बिघाड. पण किल्लीवरही लागला नाही, तर त्याहून मोठा बिघाड. घरातलं म्हातारं माणूस ओरडत असेल तर काळजी करावी, पण नेहमी ओरडणारं माणूस एकदम गप्प झालं तर पळत जाऊन बघावं."

मग त्यांनी मला डायनॅमो समजावून दिला, आणि इतकी वर्षं मराठी शिकवत असूनही मला इतकी नेमकी उपमा कधी सुचली नाही. आमची ही दारात तांब्या घेऊन उभी होती, बहुतेक तिला ऐकवायचं म्हणून ते तिच्याकडं वळले. "वहिनी, दही लावायला काय लागतं?"

"दूध."

"आणि?"

"विरजण."

"म्हणजे दही करायला आधी थोडं दही लागतं. डायनॅमोचं तसंच. वीज तयार करायला त्याला आधी थोडी वीज लागते. त्याच्या पोटात चुंबक फिरतो, पण तो जन्माचा चुंबक नव्हे, तारेची गुंडाळी आहे. तिच्यात करंट सोडला तर चुंबक. तो फिरला की बाहेरच्या तारांत वीज. ही वीज उलटसुलट धावते, म्हणून आत सहा डायोड बसवलेत, ते तिला एका दिशेनं हाकतात. आणि एक रेग्युलेटर, तो चौदा व्होल्टच्या आसपास लगाम धरतो. पण पहिल्या वेळचं विरजण बॅटरीनं द्यायचं. रेग्युलेटर जागा झाला की हा दिवा लागतो. इथं दिवा लागत नाही, म्हणजे रेग्युलेटरच झोपलाय. विरजण पडणार कुठनं?"

"मग दूध नासलं?" हिनं विचारलं.

"नासलं नाही. तसंच राहिलं."

मी खिडकीतून म्हटलं, "पण दोन्ही वायरी जागेवर आहेत. आप्पांनी ओढून बघितल्या."

"वायरी दोन," मिस्त्री म्हणाले, "पण रस्ते तीन लागतात. गेलेली वीज परत कुठनं येणार? डायनॅमोचं अंग इंजिनाला टेकलेलं असतं, इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला. टेकलंय म्हणूनच अर्थिंग. त्याला वेगळी वायर नसते."

जी वायर मुळात नाहीच, ती तुटली आहे हे आप्पांना तरी कसं दिसणार? घराघरात प्लगच्या तिसऱ्या भोकासाठी आयुष्यभर आग्रह धरणारे आप्पा गाडीतलं तिसरं भोक विसरले, याबद्दल आता मी त्यांना दोष देत नाही. साडेतीन हजारांबद्दल अजून देतो.

मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले. पांढरा शर्ट कशालाही लागू नये म्हणून दोन्ही हात पाठीशी बांधले होते. संग्रहालयातली मूर्ती बघावी तसे बघत होते. मी मोबाइलचा उजेड धरला.

"रंग कुणी दिला?"

आता हे 'हात लावणं' होतं की नाही, यावर मी थोडा वाद घालू शकलो असतो. "मीच," मी म्हटलं. "खंडेनवमी म्हणून."

"चांगला दिलाय." ते आणखी वाकले. "हे वायसर कसले?" नाक जवळ नेलं. मग अगदी हळू मान वर करून माझ्या पायांकडं बघितलं. पायांत नवी जोडी होती. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर मला दिसलं की हा माणूस इथून पुढं हे सगळीकडं सांगणार आहे.

"सर... चप्पल?"

"जुनी होती."

"आणि बोल्टाला?"

"चिकटपट्टी. ढिला होता."

"कुठली? काळी? वायरमन लावतात ती?"

"हो. तीच चांगली चिकटते."

मिस्त्री पायरीवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "बोल्टाला शॉक लागू नये म्हणून पट्टी. दोन्ही अंगांना चामडं. वरच्या पट्टीला दोन हात ऑइलपेंट. पट्टा तर रबराचाच. सर, आमच्या गॅरेजात मुद्दाम कुणाला सांगितलं असतं की डायनॅमो इंजिनाला कुठंच टेकू देऊ नको, तर त्याला एवढं जमलं नसतं. तुमचा डायनॅमो अधांतरी आहे. त्रिशंकू करून टाकलाय."

"पण चालत होती की चार दिवस," मी शेवटचा किल्ला लढवला.

"चालत होती. बॅटरी भरलेली होती."

खात्री करून द्यायची तर दोघांच्या मधे, डायनॅमोचं अंग आणि इंजिनाचा कंस यांच्यामधे, एखादी धातूची वस्तू टेकवून बघायची. रंग न लागलेल्या जागा मिस्त्रींनी नजरेनं हेरून ठेवल्या होत्या. मागच्या बाजूला, जिथं माझा ब्रश पोचला नव्हता. माझा आळस तेवढा उपयोगी पडला. पण टेकवायचं काय? डिसमिस पूजेत. पक्कड पूजेत. माझेही पाने देवघरासमोर ताम्हनाशेजारी. विळी पूजेत, सुऱ्या पूजेत, अडकित्तासुद्धा. आप्पांकडं विचारलं तर त्यांचा टेस्टर झेंडूखाली गाडलेला.

ही आत गेली आणि उलथनं घेऊन आली. लोखंडी, लांब दांड्याचं, टोकाला पुरणपोळीचा तुपकट वास.

"हे पूजेत नाही?" मिस्त्रींनी विचारलं.

"ह्याला कुठली सुट्टी?" ही म्हणाली. "चोवीस पोळ्या व्हायच्यात अजून."

मिस्त्रींनी उलथनं हातात घ्यायचं नाकारलं. हत्यार ते हत्यार. तेव्हा मी आत बसलो, ही बॉनेटपाशी, आणि मिस्त्री बोटानं दाखवत राहिले. "इंजिन बंद आहे, बॅटरीची बाजू सोडून बोला. बाराच व्होल्ट आहेत, भ्यायचं काम नाही, पण त्या जाड वायरीच्या नटाला टेकवू नका, नाहीतर उलथन्याचा जाळ अन् धूर संगटच होईल. हां. दांडा इकडं. टोक तिथं, मागं. दाबा."

पॅनलवर लाल दिवा लागला.

पिटुकला, तांबूस, बॅटरीचं चित्र असलेला. नऊ दिवसांत पहिल्यांदा. हिनं उलथनं उचललं, दिवा विझला. टेकवलं, लागला. उचललं. टेकवलं. तिनं हे सातआठ वेळा केलं. खात्री पहिल्याच वेळी पटली होती, बाकीच्या माझ्यासाठी होत्या.

मिस्त्री पैसे घेईनात. "आज मी काम केलेलंच नाही. वहिनींनी केलं." दोन पोळ्या, कटाची आमटी आणि वर तूप एवढं मात्र घेतलं. जेवताना पुन्हा एकदा म्हणाले, "चप्पल..." आणि ठसका लागून थांबले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चालत दसरा चौकात गेलो. छत्रपती आले, शमीपूजन झालं, बार उडाले, लोक आपट्याच्या पानांवर तुटून पडले. ती जुनी जर्मन मेबॅक गाडीही निघाली होती, राजाराम महाराजांच्या वेळची. वर्षातून एकदा बाहेर येते आणि एवढ्या गर्दीतून संथ, न अडखळता जाते. लोक तिच्या भव्य कडांकडं, चकाकणाऱ्या रंगाकडं बघत होते. मी पहिल्यांदाच तिच्या बॉनेटकडं बघून विचार करत होतो की आत रंग कुठंकुठं दिला असेल, आणि कुठं मुद्दाम दिला नसेल.

सोनं देऊन-घेऊन झाल्यावर मिस्त्रींनी पाना उचलला. आमच्या गाडीपासूनच मुहूर्त केला, हा त्यांचा मोठेपणा, की आसपास जमलेल्या पोरांना चकत्या दाखवायच्या होत्या, ते मला माहीत नाही. वीस मिनिटांचं काम. बोल्ट काढला, पट्टी सोलली, चामडं उपसलं, जिथं लोखंड लोखंडाला भेटतं तेवढ्याच जागा पॉलिश पेपरनं घासून उघड्या केल्या. बाकीचा रंग तसाच ठेवला. किल्ली फिरवली, दिवा लागला. सेल्फ मारला, दिवा विझला. कुंकू लागलेला मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावला, चौदा पॉइंट दोन. हेडलाइट लावले तरी काटा जागचा हलला नाही, म्हणजे काटा नव्हता, आकडे होते. पण मिस्त्री काटाच म्हणाले. झिजलेल्या भोकात खरी लोखंडी बुश बसवायला लागेल, ती लेथवर करून घ्यावी लागेल, दिवाळीआधी बघू, तोवर चालवा, असं ठरलं.

चारी चकत्या त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिल्या. एक कमी भरली.

घरी येताना रस्ताभर हेडलाइट पांढरेशुभ्र होते. बिंदू चौकाच्या पुढं वर्दळ कमी झाली आणि इंजिनाच्या त्या बाजूनं ओळखीचा आवाज यायला लागला. करकर, करकर. मी वेग कमी केला, मान तिरकी करून ऐकलं. म्हटलं, रविवारी जरा उघडून...

"वाजू दे," ही म्हणाली. "कोल्हापुरी आहे."